डेन्व्हर स्टिडमच्या नावाचं पोस्ट

"जरा ताणून धरा हं," खुर्चीवर चढलेली बाई म्हणाली, आणि ऑरिन स्टिडमनं टेपाचं टोक खिडकीच्या चौकटीला ताणून धरलं.

खुर्ची त्याचीच होती. खिडकीही आज संध्याकाळपर्यंत त्याचीच होती. बाईंना पडदे शिवायचे होते. त्यांचे यजमान नोव्हेंबरात नेब्रास्कातून पहिल्यांदाच निवडून आले होते, नव्या सभासदांच्या खोल्यांच्या सोडतीत त्यांचा नंबर वर लागला होता, आणि म्हणून नवराबायको खोली बघायला आले होते. यजमान दारातच उभे राहून खिडकीतून दिसणारा संसदेचा घुमट डोळे भरून पाहत होते. खोक्यांच्या पसाऱ्यात बाह्या सरसावून उभा असलेला म्हातारा बघून बाईंनी त्याला हमाल, नाहीतर फार तर कारकून समजलं असावं. ऑरिननं गैरसमज दूर केला नाही. कुणी हात मागितला की द्यायचा, ही सवय एकोणीस निवडणुकांनी त्याला लावली होती, आणि विसाव्या निवडणुकीतल्या आपटीनंही ती सुटली नव्हती.

"इथं आधी कोण असायचं?" बाईंनी विचारलं.

"होता एक केंटकीचा म्हातारा."

"पडला ना तो?"

"पडला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, खोली फार छान आहे हो. उजेड केवढा येतो."

उजेड खरंच येत होता. त्या उजेडासाठी ऑरिननं बारा वर्षं वाट पाहिली होती. इथं खोल्या ज्येष्ठतेनं मिळतात. वरचा मेला किंवा पडला की खालचा एक पायरी चढतो. ऑरिन कितीतरी जणांच्या प्रेतयात्रांना काळा कोट घालून गेला होता आणि परत येताना मनातल्या मनात आपली पायरी मोजत आला होता. तेव्हा आता आपल्या खिडकीला कुणी टेप लावला तर तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

नवराबायको गेल्यावर आयरीन आत आली. ती त्याची चिटणीस, दुसऱ्या निवडणुकीपासूनची. नाक पुसत म्हणाली, "सांगायचं नाही का तुम्ही कोण ते?"

"सांगितलं असतं तर बाई पडली असती खुर्चीवरून. मग आपल्यालाच दवाखान्यात न्यावं लागलं असतं."

आयरीन हसली नाही. तिनं शेवटचं खोकं बंद केलं.

हरलेल्यांची मुदत जानेवारीपर्यंत असते, खोली मात्र डिसेंबर लागताच काढून घेतात. मग त्यांना तळघरात, कँटीनच्या बाजूला, कमरेइतक्या फळ्या लावून एकेक खण देतात. एक टेबल, एक खुर्ची, एक फोन. बाकीचे त्या जागेला गोठा म्हणत. ऑरिनच्या शेजारच्या खणात ओहायोचा एक पडलेला गृहस्थ बसे. तो दिवसभर उकडलेली अंडी खाई आणि कुणालातरी फोनवर नोकरी मागे. ऑरिनला नोकरी नको होती. त्याला घरी जायचं होतं. आणि घरी जायच्या आधी एक काम उरकायचं होतं.

खोली गेली तरी खाण कमिटीचं अध्यक्षपद जानेवारीपर्यंत त्याच्याकडेच होतं. म्हणजे हातोडा होता, पण तो ठेवायला टेबलाचा खण नव्हता. अडतीस वर्षांत त्यानं आपल्या डोंगराळ मतदारसंघाला पूल दिला, धरण दिलं, इस्पितळ दिलं. पुलाला त्याचं नाव होतं, धरणालाही होतं. इस्पितळाला फेचं, त्याच्या बायकोचं, ती गेल्यावर दिलं होतं. फक्त डेन्व्हरचं नाव कुठं नव्हतं. डेन्व्हर त्याचा धाकटा भाऊ. त्याचं नाव सॉल्ट फोर्कच्या टेकडीवर एका दगडावर होतं, आणि तो दगडही व्हर्नानं स्वतःच्या पगारातून बसवला होता.

व्हर्ना ही डेन्व्हरची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. अकरा वर्षं ती ऑरिनशी बोलली नव्हती.

गोष्ट साधी होती. डेन्व्हरची उभी हयात खाणीत गेली, आणि शेवटी छातीत कोळसा बसला. अशा माणसाला सरकारी भरपाई मिळते, पण कंपनीचा डॉक्टर सांगतो की हे सिगारेटनं झालं, आणि अर्ज धूळ खात पडतो. मग माणसं काँग्रेसमनच्या कचेरीत जातात. ऑरिनच्या कचेरीतून एक फोन गेला की अर्ज हलायचा. असे हजारो अर्ज त्यानं हलवले होते. डेन्व्हरसाठी फोन केला नाही. वर्तमानपत्रं लिहितील, काँग्रेसमननं भावाची सोय लावली. त्या वर्षी निवडणूक अटीतटीची होती. व्हर्ना एकदा कचेरीत आली आणि बाकी लोकांबरोबर बाकड्यावर बसली. ऑरिननं तिला काचेतून पाहिलं आणि बाहेर कारकून पाठवला. डेन्व्हर त्या वसंतात गेला. ऑरिन निवडून आला.

त्या वेळी ऑरिनला ती आपली सचोटी वाटली होती. फेलाही तो तसंच सांगायचा. फे ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. आता फे नव्हती, मूलबाळ झालं नव्हतं, आणि जानेवारीपासून सॉल्ट फोर्कला त्याचं म्हणावं असं एकच दार होतं. ते व्हर्नाचं. रविवारी दुपारी तिच्या टेबलाशी एक खुर्ची मिळावी, इतकंच त्याला हवं होतं. अडतीस वर्षं राज्य करून माणूस शेवटी एका खुर्चीसाठी झुरतो, याचं त्याला हसूही येई आणि लाजही वाटे.

म्हणून सॉल्ट फोर्कच्या पोस्टाला डेन्व्हरचं नाव द्यायचं त्यानं ठरवलं. बैल गेला आणि झोपा केला, असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं मान्यच केलं असतं. पण झोपा बांधणं एवढंच आता त्याच्या हातात होतं.

पोस्टाला नाव देण्याइतकं सोपं काम या सभागृहात दुसरं नाही. असल्या विधेयकाच्या वेळी कुणी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढत नाही. अट एकच, आणि ती कुठं लिहिलेली नाही: त्या राज्याच्या झाडून सगळ्या प्रतिनिधींची सही हवी. केंटकीचे सहा. एक ऑरिन स्वतः. चौघांनी बसल्या जागी सह्या दिल्या; एकानं तर पाठीवर हात ठेवून "म्हातारपणी तरी भावाची आठवण झाली म्हणायची" असंही ऐकवलं. राहिला ग्रेडी पेल्फ्री.

पेल्फ्री शेजारच्या मतदारसंघाचा. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्यानं एका मतदानात ऑरिनचा शब्द मोडला होता, आणि ऑरिननं त्याच्या गावाचा रस्ता विधेयकातून अलगद काढून टाकला होता. ऑरिन ते विसरून गेला होता. पेल्फ्रीच्या गावचे ट्रक अजून जुन्या वळणावरून उलटत होते, त्यामुळे त्याला विसरायला सवड मिळाली नव्हती.

ऑरिन त्याच्या खोलीवर गेला तर बाहेरच्या पोरीनं त्याला सोफ्यावर बसवलं. शेजारी सहलीला आलेलं एक कुटुंब होतं. ऑरिन गुडघ्यांवर हॅट ठेवून बसला. आतल्या काचेमागे पेल्फ्री फोनवर बोलताना दिसत होता. त्यानं एकदा बाहेर पाहिलं, आणि पुन्हा पाठ वळवली. ते कुटुंब भेटून, फोटो काढून गेलं, तरी ऑरिन बसलेलाच होता. बाकड्यावर बसणं काय असतं ते त्याला त्या दिवशी कळलं.

"चेअरमनसाहेब, बोलवायचं होतंत की मला. मीच आलो असतो तळघरात," पेल्फ्रीनं दोन्ही हातांनी हात धरून त्याला आत नेलं.

"तिथं दुसरी खुर्ची नाही."

पेल्फ्री मोकळेपणानं हसला. मग बराच वेळ हवापाण्याच्या, बास्केटबॉलच्या गप्पा झाल्या. सहीचा विषय ऑरिननंच काढला. पेल्फ्री म्हणाला, सही काय, आत्ता देतो. डेन्व्हर स्टिडम म्हणजे देवमाणूस. फक्त एक होतं. साहेबांच्या कमिटीत ते धुळीचं विधेयक पडून होतं ना?

होतं. चार वर्षं पडून होतं, कारण ऑरिननं त्यावर बूड टेकलं होतं. खाणीच्या हवेत किती धूळ आहे ते मोजायला सरकारी इन्स्पेक्टर न सांगता खाली उतरतो, असा कायदा होता. विधेयक म्हणत होतं की त्यानं दोन आठवडे आधी कळवून यावं. खाणीत काम केलेल्या पोरासोरालाही याचा अर्थ कळतो. कळवून येणार म्हटल्यावर त्या दिवशी पंखे जोरात फिरतात, पाणी मारतात, कोळसा निम्मा काढतात. पूर्वी असंच चालायचं. ऑरिन तरुण असताना डेन्व्हर एकदा आईच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता, "इन्स्पेक्टर येतो त्या दिवशी मला माझे हात दिसतात. एरवी चाचपावे लागतात." त्या एका वाक्यावरून ऑरिननं तो न सांगता उतरण्याचा कायदा आणला होता. पूल कुणीही बांधला असता. हा कायदा त्यानं आणला होता.

"ते सोडा बाहेर," पेल्फ्री म्हणाला. "शेवटच्या दिवशी, किरकोळ कामांच्या यादीत. तुम्ही उठून सांगितलंत की हात वर करायलाही कुणी लावणार नाही. मी इकडे सही करतो."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर जानेवारीत चेअरमन आमच्या बाजूचा. तेव्हा नाहीतरी होणारच आहे, साहेब. तीन आठवड्यांचा तर प्रश्न. तेवढ्यासाठी भावाचं नाव कशाला अडवता?"

नाहीतरी होणारच आहे. या चार भिंतींत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य नवं नव्हतं. त्यानं स्वतः ते शेकडो जणांना ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव पाहिला होता. ऑरिन म्हणाला, विचार करतो. पण जिना उतरता उतरताच त्याचा विचार झाला होता.

आयरीन खणाच्या फळीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जानेवारीत त्यांना मतं पुरतात का, मोजलीत?"

मतं मोजणं हा ऑरिनचा धंदा. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या मागे कोणती खाण, कोणती कामगार संघटना, कुणाची सासुरवाडी कुठं, हे सगळं त्याला पाठ असायचं. लिफाफ्याच्या मागे पेन्सिलीनं दोन रांगा काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर तोच आकडा लागायचा. सभापतीही त्याला विचारून मतदान लावत.

"त्यात काय मोजायचंय," ऑरिन म्हणाला. "चेअरमन त्यांचा, म्हणजे झालं."

"नवे आलेत बरेच. पेनसिल्व्हेनियाचे, अलाबामाचे. खाणींच्या गावांचे आहेत."

"आयरीन, माझं घरी जायचं तिकीट काढलंस का तू?"

 तिकीट तिनं केव्हाच काढलं होतं, आणि ते त्याच्या कोटाच्या खिशात होतं.

नाताळच्या आधीच्या शेवटच्या दुपारी सभागृहात जेमतेम वीसेक टाळकी होती. बाकीच्यांचं लक्ष विमानाच्या वेळांकडे. ऑरिन उभा राहिला आणि कमिटीच्या वतीनं एक किरकोळ दुरुस्ती मांडत असल्याचं त्यानं सांगितलं. पेनसिल्व्हेनियाचा स्टॅश झेलेन्का, त्याचा जुना दोस्त, शेजारच्या बाकावर कोट चढवत होता. त्याचा बाप आणि दोन चुलते एकाच खाणीत गेले होते. तो खाली वाकून म्हणाला, "यात काही नाही ना, ऑरिन?"

"काही नाही."

"मग जातो. माझं विमान आहे." त्यानं ऑरिनच्या खांद्यावर थोपटलं आणि तो गेला.

सभापतींनी हो म्हणणाऱ्यांना विचारलं, नाही म्हणणाऱ्यांना विचारलं, आणि हातोडा आपटला. त्यामागोमाग सॉल्ट फोर्कच्या पोस्टाचं विधेयक आलं. तेही हातोड्याच्या एका ठोक्यात झालं. कॉफीचा पेला गार व्हायच्या आत दोन्ही संपलं. वरच्या सभागृहानंही पुढं फार डोळे उघडले नाहीत. ऑरिन स्टिडमनं आणलेली खाणीची दुरुस्ती म्हटल्यावर कोण कशाला वाचत बसतंय? त्याच्या भावाच्या छातीत काय होतं ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

जानेवारीत तो सॉल्ट फोर्कला आला. पहिला आठवडा त्यानं चौकातल्या खाणावळीत जेवून काढला. मग एका दुपारी दार वाजलं. दारात व्हर्ना उभी होती, हातात मक्याच्या पावाचा तवा, त्यावर फडकं.

"पोस्टाचं ऐकलं," ती म्हणाली.

 त्यानं तवा हातात घेतला.

"त्याला आवडलं असतं. वरवर म्हणाला असता, हवंय कशाला, पण आवडलं असतं." तिनं अंगणातल्या वाढलेल्या गवताकडे पाहिलं. "एकटा जेवतोस म्हणे. रविवारी ये. डोयलही असतो."

ती गेली. नंतर त्यानं उभ्याउभ्याच निम्मा पाव संपवला.

मग रविवार सुरू झाले. चर्च सुटलं की तो व्हर्नाच्या घरी जायचा. टेबलावर घेवड्याचं कालवण, चिरलेला कांदा, मक्याचा पाव, कधी सफरचंदांचा थरांचा केक. डोयल, व्हर्नाचा मुलगा, बापाच्याच खाणीत होता, आणि बापासारखाच कमी बोलायचा. व्हर्ना मात्र बोलायची. अकरा वर्षांचं साठलेलं हळूहळू निघत होतं; तक्रार म्हणून नव्हे, गावच्या बातम्या म्हणून. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गाय विहिरीत पडली. ऑरिन हसत हसत जेवायचा. फेच्या मागं तो इतका कधी हसला नव्हता. तिसऱ्या रविवारी तर व्हर्नानं त्याला "उठ, भांडी पूस" म्हटलं, आणि एवढ्यानं त्याला सगळं मिळाल्यासारखं झालं.

एप्रिलमध्ये एका रविवारी डोयल जेवताना मध्येच थांबला.

"आता इन्स्पेक्टर कळवून येतोय," तो म्हणाला. "फळ्यावर तारीखच लावली खाली. त्या दिवसापुरते सगळे पंखे चालू. काल पुन्हा बंद."

"कुणी काढला असला कायदा?" व्हर्नानं विचारलं.

"नवाच आहे. वरून आलाय."

व्हर्ना पाव मोडत होती. "डेन्व्हर त्या जुन्या कायद्याला 'माझा कायदा' म्हणायचा, ठाऊक आहे ना, ऑरिन? दारू प्यायला की सगळ्यांना सांगायचा, माझ्या एका बोलण्यावर भावानं कायदा केला. मी म्हणायची, गप बस, लोक हसतील." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तू असतास तिथं तर झालं नसतं हे."

"घेवडा आहे का आणखी?" ऑरिननं विचारलं.

तिनं वाढलं. त्यानं तो संपवला. त्या दिवशी भांडी पुसताना त्याच्या हातून एक बशी फुटली, आणि व्हर्ना म्हणाली, फुटू दे, जुनीच होती.

घरी आल्यावर त्यानं टेबलाचा खण उघडला, एक लिफाफा काढला, पेन्सिल घेतली. मागे दोन रांगा आखल्या. पहिली दोन नावं लिहिली आणि पेन्सिल ठेवून दिली. तिला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पुढच्या रविवारी सांगावं. आधी पाटी लागू दे, मग सांगू. माणसाला इतकं वय झालं तरी योग्य वेळेचा मोह सुटत नाही.

पाटी लावायचा समारंभ एप्रिलअखेरच्या शनिवारी होता. पोस्ट म्हणजे रुळांकाठची विटांची एक खोली. दारावर नवी कोरी पाटी, तिच्यावर निळं कापड. शाळेचा बँड आला होता, बायकांनी केक मांडले होते, खाणमालकांची मंडळी पहिल्या रांगेत होती. व्हर्ना निळा पोशाख घालून डोयलच्या शेजारी बसली होती. राज्याच्या बाकी चार प्रतिनिधींचे निरोप वाचून झाले. पेल्फ्री मात्र जातीनं आला होता.

तो छान बोलला. डेन्व्हरबद्दल बोलला, डोंगरातल्या माणसांबद्दल बोलला. मग ऑरिनकडे वळून हसला.

"लोकांना वाटतं, हरलेला माणूस शेवटचे दिवस नुसता खोकी भरतो. आमच्या चेअरमनसाहेबांनी शेवटच्या दुपारी दोन कामं केली. एक हे पोस्ट. दुसरं, धुळीच्या तपासणीचा जाच कमी करून आपल्या खाणींना श्वास घेऊ दिला. खरं सांगतो, जानेवारीत मला सात मतं कमी पडत होती. मी रात्रंदिवस मोजत होतो. साहेब नुसते उभे राहिले, आणि मोजायची वेळच आली नाही. याला म्हणतात वजन."

पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगांतल्याही काहींनी वाजवल्या. टाळी पुढून सुरू झाली की मागं येतेच. डोयल खाली आपल्या बुटांकडे पाहत होता. सात मतं. ऑरिननं मनातल्या मनात रांगा लावल्या, त्याला आता पेन्सिलही लागली नाही. नाही म्हणणारे अलाबामाचे दोन. पेनसिल्व्हेनियाचे तीन, त्यांत झेलेन्का. इलिनॉयचा तो नवा. आणि तो व्हर्जिनियाचा. बरोबर सात. डिसेंबरात आयरीननं विचारलं तेव्हाही ते सातच होते, आणि तेव्हा मोजायला त्याला इतकाच वेळ लागला असता.

त्यानं व्हर्नाकडे पाहिलं नाही.

फीत कापायला तिचं नाव पुकारलं. ती उठली. कुणीतरी मोठी कात्री तिच्या हातात दिली. तिनं फीत नीट मधोमध कापली. कापड सरकलं, डेन्व्हरचं नाव उघडं पडलं, बँड वाजू लागला. ती मान वर करून पाटीकडे पाहत राहिली. सगळी अक्षरं वाचून झाल्यावर ती पायऱ्या चढून आत गेली.

ऑरिन तिच्या मागोमाग आत शिरला. बाहेर केकभोवती गर्दी झाली होती. आत फक्त पोस्टमास्तरीण ओमा होती, काउंटरमागे, समारंभासाठी ठेवणीतला ब्लाउज घातलेली. सॉल्ट फोर्कला घरपोच टपाल नाही. भिंतीभर पितळी दारांच्या छोट्या पेट्या आहेत, ज्याची त्याची किल्ली. व्हर्नानं आपली पेटी उघडली. आत विजेचं बिल आणि बियाणांचं एक पुस्तक होतं. ते तिनं पर्समध्ये टाकलं. मग जुडग्यातून ती किल्ली सोडवू लागली. कडं घट्ट होतं. तिची नखं दुखली असतील, पण तिनं ती सोडवली आणि काउंटरवर ठेवली.

"काय गं, अडकते का?" ओमानं विचारलं.

"नाही. पेटी बंद कर माझी."

"अगं आजच? आणि टपाल?"

"केनी गॅपच्या पोस्टात पाठव."

"डोंगर ओलांडून? हिवाळ्यात काय करशील?"

"डेन्व्हर रोज ओलांडायचा कामाला जाताना."

ओमानं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कागद शोधायच्या निमित्तानं खाली वाकली.

"व्हर्ना," ऑरिन म्हणाला. "मी सांगणारच होतो. उद्या."

व्हर्नानं पर्स बंद केली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसता तर त्याला बरं वाटलं असतं. कचेरीतल्या बाकड्यावर बसली होती तेव्हाही तिचा चेहरा असाच होता.

"उद्या मी काही रांधणार नाही, ऑरिन," ती म्हणाली.

तो दारातून बाजूला झाला. ती बाहेर पडली, डोयल गाडीपाशी उभा होता, त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. बँडचं दुसरं गाणं सुरू झालं होतं. गाडी गर्दीतून हळूहळू वाट काढत डोंगराच्या रस्त्याला लागली. ऑरिन ती दिसेनाशी होईपर्यंत काचेतून बघत राहिला.

"साहेब," मागून ओमा म्हणाली. तिनं डोळे पुसले होते, पण काम ते काम. "जानेवारीपासून तुम्ही पेटी मागताय, आणि मी आपली रोज नाही म्हणतेय. आता ही एक मोकळी झाली. देऊ?"

किल्ली अजून काउंटरवरच होती. तिनं ती बोटानं त्याच्याकडे सरकवली.

ऑरिननं ती उचलली आणि सही कुठं करायची ते विचारलं.